नवस कोणत्या देवाचा?

आमच्या मालवणच्या घरात मासे न खाणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. सोमवार शंकराचा, संकष्टी गणपतीची, एकादशी विठोबाची. श्रावण अख्खा बंद, पुढे गणपती जाईपर्यंत बंद, नवरात्रात परत बंद. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना सरकारचीच मनाई, म्हणजे श्रावणाला सरकारी अनुदान. हिशेब मांडायला बसलं तर आम्हा पट्टीच्या मासेखाऊंचं बरंचसं वर्ष शिवराकच जातं. पण त्या दिवसांत कुणी कुणाला ‘का’ म्हणून विचारत नाही. कालनिर्णयमध्ये छापलंय ना, मग झालं.

म्हणूनच मी दहावीत असताना मासे सोडले तेव्हा घरात जो गहजब झाला, त्याचं मूळ वेगळंच होतं. माझ्याजवळ कारण होतं, पण देव नव्हता.

कारण म्हणजे कुर्ल्या. अमावस्येच्या सुमारास त्या भरलेल्या असतात, अशी आमच्याकडे पक्की समजूत. काका तेव्हा पिशवी भरून आणायचा. अॅल्युमिनियमच्या टोपात ओतायच्या, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. मी पलीकडच्या खोलीत भूमितीची प्रमेयं घोकत होते आणि टोपातून खरखर ऐकू येत होती. मध्येच थांबायची. मग वरवंटा जरासा हलायचा आणि पुन्हा खरखर. थोड्या वेळाने आजी आली, एकेकीला मागून पकडून आधी डेंगे मोडायला बसली. “डेंगे मोडले की चावणत नाय.” खरं आहे. पण मोडून ताटलीत पडलेला डेंगाही थोडा वेळ उघडत-मिटत राहतो. हे सगळं मी लहानपणापासून पाहत आले होते आणि तेच डेंगे दातांखाली फोडून शेवटच्या तुसापर्यंत चोखलेही होते. त्या दिवशीच काय झालं, देव जाणे. प्रमेयाला सिद्धता लागते, याला लागली नाही.

“काय झालां गो तुका? बरां नाय?” आजीने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

“नवस बोललंस काय?”

“नाही.”

“माळ घातलंस?”

“नाही.”

“मगे?”

या ‘मगे’ला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते तिच्या कुठल्याच खान्यात बसत नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ आली की मटण-मासे सुटतात, हे पंढरपूरच्या वाटेवरच्या साऱ्या महाराष्ट्राला मान्य आहे. विठोबासाठी सोडलं तर भक्ती. कुर्लीसाठी सोडलं तर आगाऊपणा. कुर्लीला एवढा मान आमच्या घराण्यात आजवर कुणी दिला नव्हता.

पुढचे काही महिने तडजोडींचे. “तुकडी नको तर नुसतो रस घे” ही पहिली. आमच्याकडे कालवणातून मासा बाजूला केला की उरतं ते सार, आणि सार म्हणजे शाकाहारी, यावर सगळ्यांचं एकमत. दुसरी तडजोड सुक्या जवळ्याची. जवळा हा मासा नव्हेच, ते तोंडीलावणं. त्याला कुणी हिशेबात धरत नाही. अंड्याची बाजू लढवायला तर खुद्द डॉक्टर होते. त्यांनी हिमोग्लोबिन तपासलं, बी-१२ वर छोटंसं भाषण दिलं आणि दूध-दही चुकवू नकोस म्हणाले. मला दूध आवडत नसे. सगळ्या प्रकरणातली खरी शिक्षा तीच.

काकाचा मुद्दा मात्र तात्त्विक होता. “अगो, मासो माशाक खाता!” आणि पुरावा म्हणून त्याने आजी कापत असलेल्या सुरमईच्या पोटातून निघालेला बोटभर मासा मला दाखवला. त्याला ठाऊक नव्हतं की हाच पुरावा बेंजामिन फ्रँकलिननेही पाहिला होता. बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करताना, सोळाच्या आसपास, ट्रायन नावाच्या लेखकाचं पुस्तक वाचून या मुलाने मांस सोडलं. भावाला म्हणाला, माझ्या जेवणाचे अर्धेच पैसे दे, माझं मी बघतो. त्यातलेही निम्मे वाचवून त्याने पुस्तकं घेतली. बाकीचे जेवायला गेले की हा पाव, मूठभर मनुका आणि पाणी यांवर भागवून वाचत बसे. पुढे १७२३मध्ये बॉस्टन सोडून जाताना वारा पडला, जहाज ब्लॉक आयलंडजवळ अडकलं, खलाशांनी कॉड मासे धरले आणि तळायला घेतले. वास सुटला. फ्रँकलिनला आठवलं की चिरताना या माशांच्या पोटात लहान मासे निघाले होते. तुम्ही एकमेकांना खाता, मग आम्ही तुम्हाला का खाऊ नये, असं म्हणून तो पोटभर जेवला. माणूस विचारी असला की हवं ते करायला कारण सापडतं, ही मल्लिनाथीही त्याने स्वतःच आत्मचरित्रात करून ठेवली आहे. मला विचाराल तर त्याचा पराभव पुराव्याने केला नाही, फोडणीने केला. सुरमई जे जे करते ते सगळं आपल्याला माफ, असं ठरलं तर काकाला पुष्कळ गोष्टींची मुभा द्यावी लागली असती.

फ्रँकलिन आपलं आपण शिजवून घेई. माझं आई शिजवत होती, दुसऱ्या भांड्यात. हे त्या वयात सुचत नाही. तिने नीरफणसाच्या कापांना तिखट-मीठ लावलं, तांदळाच्या पिठात घोळवली आणि माशांच्याच तव्यावर, पण मासे तळायच्या आधी, तळली. ओल्या काजूची उसळ, काळ्या वाटाण्याचं सांबारं हे सोमवारचे पाहुणे रोज येऊ लागले. चुलतभाऊ जेवायला माझ्या शेजारची जागा धरू लागला. माझ्या वाटची तुकडी त्याची.

मला सगळ्यात जास्त जड गेलं ते विरोधकांचं बोलणं नाही, एका मैत्रिणीच्या आईचं. “छान केलंस हो, आता आमच्यातली झालीस!” त्या संध्याकाळी मी जवळजवळ बांगडा खाणार होते. पुढे मुंबईत भाड्याने खोली शोधताना दलालाने विचारलं, “व्हेज ना?” मी हो म्हटलं. त्याचा चेहरा फुलला, आणि लगेच पडला. “आईवडील आले तर?”

आजीने मात्र मार्ग काढला. पाहुण्यांच्या पंगतीत माझं ताट वेगळं दिसलं की कुणी विचारायच्या आत तीच सांगे, “तिचो नवस आसा.” पाहुणे समाधानाने माना डोलावत आणि जेवायला लागत. अडचण एवढीच की देव तिच्या लक्षात राहत नसे. एकाला रामेश्वर सांगितलेला, दुसऱ्याला कुणकेश्वर, कणकवलीच्या आत्याला आंगणेवाडीची भराडी. एका लग्नात हे तिघे एकाच पंगतीला आले. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, “इतक्या देवांक एकदम काय मागलंस गो?”