घरच्या इंटरनेटला पाच पब्लिक आयपी: संपादन आणि सांभाळ

घरात पाच पब्लिक आयपी पत्ते असावेत अशी इच्छा ज्या गृहस्थाच्या मनात उपजली आहे, त्याने आधी आपल्याकडे एक तरी आहे का, हे तपासावे. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून ‘वॅन’ या मथळ्याखालचा आकडा पाहावा. तो १०० ने सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर आपण सीजीनॅटमागे आहोत असे समजावे. म्हणजे कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यावर आपल्यासोबत आणखी बरीच बिऱ्हाडे बसवली आहेत. २०१२ साली ही पट्टी खास याच सोयीसाठी राखून ठेवण्यात आली. आकडा १० ने सुरू होत असेल तरी निदान बहुधा तेच. मोबाइलवर दिसणारा १९२.१६८ वाला पत्ता दाखवून पाहुण्यांवर छाप पाडू नये, शेजाऱ्याकडेही अगदी तोच असण्याची दाट शक्यता असते. एकाचाच पत्ता नसताना पाचांची वाटणी ठरवत बसणे म्हणजे बाजारात तुरी.

तरीही निर्धार कायम असेल तर पैशाची तजवीज करावी. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा, त्यामुळे साऱ्या जगात मिळून असे सुमारे ४२९ कोटीच पत्ते संभवतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटून झाले, आणि त्याच एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकच्या संस्थेनेही हात आखडता घेतला. तेव्हापासून सगळा रेशनचा कारभार. म्हणून एका स्टॅटिक आयपीलाही वेगळे पैसे पडतात आणि गठ्ठा हवा म्हटले की समोरचा माणूस बहुधा बिझनेस प्लॅनचे दर सांगू लागतो. गठ्ठा नेहमीच्या रीतीने आठाचा येतो. त्यातला पहिला पत्ता जाळ्याच्या नावे जातो, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखलेला असतो आणि एक कंपनीचा गेटवे घेतो. आठातले तीन असे मानपानात गेले की हाती पाच उरतात.

आता या पाचांनी होणार काय? सर्वांत लोकप्रिय समजूत वेगाची आहे आणि ती पूर्ण चुकीची आहे. १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर ती मर्यादा कंपनीच्या यंत्रणेत तुमच्या कनेक्शनवर लावलेली असते, पत्त्यावर नव्हे. दारावर पाच पाट्या ठोकल्या म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. यावर जाणकार म्हणवणारे एक बारीक आक्षेप घेतात: घरात उपकरणे फार झाली की एकाच पत्त्यावरची पोर्टे संपत असतील ना? एका पत्त्याला ६५,५३६ पोर्टे असतात आणि वेगवेगळ्या सर्व्हरांशी बोलताना तेच पोर्ट पुन्हा वापरता येते. सहा जणांचे घर एकाच वेळी वेगवेगळ्या मालिका पाहू लागले तरी हा आकडा गाठणे कठीण. त्याआधी दमतो तो स्वस्तातला राउटर, कारण चालू जोडण्यांची नोंद ठेवायला त्याची स्मृती अपुरी पडते. ती पत्ते वाढवून वाढत नाही. राउटर बदलला तर वाढते, पण त्यात पाच पत्त्यांचा रुबाब नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बाहेरून घरात यायचे असेल तर? गावाहून घरचा सीसीटीव्ही पाहायचा आहे, घरच्या संगणकावर स्वतःची वेबसाइट ठेवायची आहे, मुलाला गेमिंगचा सर्व्हर चालवायचा आहे. इथे सीजीनॅट खरोखर आड येते आणि एका पब्लिक पत्त्यासाठी पैसे मोजण्यात शहाणपण आहे. पण एकासाठी! दहा वेबसाइटही एकाच पत्त्यावर नांदतात, कारण ब्राउझर कोणत्या नावाकडे आलो ते दारातच सांगतो. सुरक्षित जोडणीतही तशी सोय २००३ पासून नियमांत आहे. दोन सर्व्हरांनी एकाच पोर्टावर हट्ट धरला तर बहुतेक वेळा एकाला दुसरे पोर्ट देऊन भागते. पोर्ट बदलून चालतच नाही असे हट्टी प्रकार असतात, दोन स्वतंत्र फायरवॉलांची तालीम करणारे हौशीही असतात. त्यांना दुसरा पत्ता कामी येतो हे मान्य. मात्र त्यांना असल्या मार्गदर्शनाची गरज नसते. घरून स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याची तक्रार वेगळीच: त्याचे २५ नंबरचे पोर्ट अनेकदा कंपनीनेच बंद केलेले असते, मग पत्ते पाच असोत की पन्नास.

राहिला प्रश्न गुप्ततेचा. पाच पत्ते आलटून पालटून वापरले की माग लागत नाही, असा एक रम्य समज आहे. पाचही एकाच गठ्ठ्यातले, लागोपाठचे आणि कंपनीच्या दफ्तरी एकाच ग्राहकाच्या नावावर. उलट सीजीनॅटच्या गर्दीत तुम्ही जास्त झाकलेले होता. शिवाय पब्लिक पत्ता आला की पाहुणे येतातच. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाच्या साधनाने एका संगणकावरून जुन्या पद्धतीच्या सगळ्या पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत टकटक करता येते हे दाखवून दिले. २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रॅमच्या प्रकरणात उत्पादकाने दिलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर असेच हुडकून वेठीला धरले गेले. पाच पत्त्यांवर पाच उपकरणे थेट मांडणाऱ्याने हे पाचपट लक्षात ठेवावे.

कनेक्शन तुटू नये हाच खरा हेतू असेल तर दुसऱ्या कंपनीची दुसरी लाइन घ्यावी. रस्ता खोदताना फायबर तुटली की तिच्यावरचे पाचही पत्ते एकदमच गप्प होतात. आणि केवळ संख्येचीच हौस असेल, तर राउटरमध्ये नव्या पद्धतीचा आयपीव्ही-६ बंद आहे का ते पाहावे. कंपनी देत असेल तर तो चालू करावा आणि त्याची फायरवॉल चालू आहे ना, याची खात्री करावी. त्यात एका घराला कमीत कमी जो तुकडा मिळतो, त्यातच जुन्या ४२९ कोटींना ४२९ कोटींनी गुणल्यावर येतील इतके पत्ते असतात, तेही सहसा वेगळे पैसे न देता. टीव्ही, चार मोबाइल आणि गीझरचा वायफाय स्विच धरून त्यातले सहा तरी नक्की लागतील.