कासवकर, सर्जापूर रोड

त्यांचं खरं आडनाव कुलकर्णी, पाटील, जगताप, काहीही असेल. सोसायटीतल्या मराठी मंडळींच्या तोंडी ते कासवकर. ते एकटेदुकटे नाहीत. बंगळुरूत सर्जापूर रोडपासून व्हाइटफील्डपर्यंत जिथे जिथे उंच मजल्यावरच्या बाल्कनीत कुरडया वाळत घातलेल्या दिसतील, तिथे एखादे कासवकर असण्याचा संभव धरावा.

मूळचा माणूस बरा असतो. सांगली-साताऱ्याकडचा इंजिनीअर, एक गृहकर्ज, एक मुलगी. मुलीला कुत्रा हवा असतो. कुत्रा म्हटला की लिफ्टमधली भांडणं आली, मांजर म्हटलं की सोफा गेला. त्यापेक्षा कासव बरं, असा सुज्ञ विचार करून कासवकर दुकानात जातात. तिथे नाण्याएवढी हिरवीगार पिल्लं, डोळ्यांमागे लाल पट्टा. दुकानदार सांगतो, ‘सर, एकटं उदास होतं, जोडीच न्या. आणि काळजी नको, एवढीच राहतात.’ दोन वाक्यं, दोन्ही खोटी. हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. त्याला सोबतीची हौस नसते. जोडीतलं दांडगं पिल्लू दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतं आणि जमलं तर शेपटीचा चावाही घेतं. नीट जगलं तर मादी जवळजवळ फूटभर होते आणि मुक्काम तीस वर्षांचाही असू शकतो. म्हणजे वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेल, कासव फिटणार नाही.

जोडीबरोबर एक गोल प्लास्टिकचा टब मिळतो. त्यात मधोमध बेट आणि बेटावर प्लास्टिकचं नारळाचं झाड. हे झाड जगभरच्या कासवांच्या नशिबी असतं आणि त्याचा उपयोग आजवर कोणत्याही कासवाला झालेला नाही. पण कासवकरांचं आजोळ रत्नागिरीचं असलं तर ते झाड पाहून खिशातले पैसे आपोआप बाहेर येतात.

मग खरा अध्याय सुरू होतो: पिल्लं जेवत नाहीत.

बंगळुरूत भेटल्यावर लोक ‘ऊट आयता?’, म्हणजे जेवण झालं का, असं विचारतात. कासवकर खाली मान घालून ‘इल्ला’, म्हणजे नाही, म्हणतात आणि समोरचा कानडी सहकारी आपला डबा पुढे करतो. सकाळच्या मीटिंगमध्ये ‘काही अडचण?’ असं साहेबांनी विचारलं की कासवकरांच्या मनात पहिल्यांदा टबच येतो. आई फोनवर दृष्ट काढायला सांगते. बायको एकच प्रश्न विचारते, ‘आपली मुलगी दीड वर्षाची असताना ती जेवली का, हे तू मला कितीदा विचारलंस?’ या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे कासवकर पुन्हा टबाकडे जातात.

आणि बघत बसतात. आपल्या संतवाङ्मयात कासवी पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते, दूध नाही, घास नाही, फक्त कृपादृष्टी. कासवकरांनी हे लहानपणी कीर्तनात ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात कासवी अंडी मातीत पुरते आणि मागं वळूनही पाहत नाही. पण कीर्तनकाराला हे कोण सांगणार? कासवकर टबावर चेहरा आणून तासन्‌तास कूर्मदृष्टी टाकतात. टबातून वर पाहणाऱ्या पिल्लाला मात्र त्यात माउली दिसत नाही, बगळा दिसतो. तळ्यात वरून वाकणारा जो तो त्याला खायलाच आलेला असतो. ते बेटाखाली दडतं. ते दडलं की यांची काळजी वाढते, काळजी वाढली की ते आणखी वाकतात. नव्या घरी आलेल्या पिल्लाला दोन-चार दिवस एकटं सोडा, त्याला हातात घेऊ नका, हा पहिला उपाय. कासवकरांना तो सोडून बाकीचे सगळे जमतात.

बेटावर, नारळाच्या झाडाखाली, ते वाळलेली कोळंबी सुबक मांडून ठेवतात. जणू केळवणच! स्लायडरला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही. ते पाण्यातच जेवतं, पाण्याबरोबरच गिळतं. शिवाय ती कोळंबी म्हणजे नुसता चिवडा: तोंड चालतं, पण त्यावर वाढ होत नाही. पिल्लाला पाण्यात तरंगणारं दाणेदार खाद्य हवं, दिवसाला त्याच्या डोक्याएवढं, आणि वरचेवर काहीतरी वळवळणारं.

पण मुख्य गुन्हेगार वेगळाच आहे, आणि तो म्हणजे कासवकरांचा अभिमानाचा विषय. बंगळुरूची हवा! नागपूरच्या मेहुण्याला मे महिन्यात मुद्दाम फोन करून, आम्हाला पंखासुद्धा लागत नाही हो, असं ते सांगतात, तीच हवा. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरचं हे शहर. जानेवारीच्या रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी गार तर कासव गार, कासव गार तर पोट बंद. पोटच बंद असलेला प्राणी जेवायला नकार देतो, यात त्याचा शहाणपणाच आहे. पाणी साधारण सव्वीस अंशांवर आणि अंग शेकायची कोरडी जागा बत्तीसच्या पुढे ठेवली की निम्मी उपोषणं सुटतात.

हे कळल्यावर कासवकरांतला इंजिनीअर जागा होतो. काचेची टाकी येते, हीटर येतो, शेकायला दिवा येतो, तापमानाची नोंद ठेवायला एक्सेलची शीट येते. वीज गेली की घरातली माणसं अंधारात आणि टाकी इन्व्हर्टरवर. आईचा सल्ला, ‘उन्हात ठेव रे,’ हाही अमलात येतो, पण बंद खिडकीच्या काचेआड. कवच भक्कम व्हायला ज्या अतिनील किरणांची गरज असते ते काच अडवते. आत येते फक्त झळ. उघड्या बाल्कनीत, अर्धी सावली ठेवून, थोडा वेळ ऊन दाखवलं तर लाभ. नाहीतर त्यासाठी वेगळी ट्यूब घ्यावी लागते. ती कासवकरांनी मागवलेलीच असते, दोन.

राहता राहिला वळवळणारा पदार्थ. ज्या घरात अंडं उकडायला वेगळं पातेलं आहे, त्या घरात गांडूळ कसं आणायचं? कासवकर संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर सोसायटीच्या गांडूळखताच्या हौदापाशी घुटमळतात. माळीकाकांना वाटतं, साहेबांना बागकामाची गोडी लागली. त्या रात्री गांडुळाचा तुकडा पाण्यात वळवळतो, दिवा ऊब देतो, आणि नेमकं त्याच वेळी कासवकर ऑफिसच्या फोनवर असतात. वळून पाहतात तो तुकडा गायब. सोसायटीच्या मराठी ग्रुपवर रात्री अकराला बातमी पडते: ‘जेवले!’ सकाळी आम्हा सगळ्यांना पेढे. कासवकरांनी ते हात धुऊन दिले असतील, अशी आशा करायची. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. एवढ्याचसाठी अमेरिकेनं 1975 साली चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी आणली. कासवकर मात्र पिल्लाचा पापा घेतानाचा फोटो डीपीला लावतात.

2024च्या मार्चमध्ये शहराचं पाणी आटलं. गाडी धुवायला पिण्याचं पाणी वापरलं तर पाच हजार दंड, असा हुकूम निघाला. घरातल्या माणसांना अंघोळीला एक बादली. टाकीचं पाणी मात्र वेळेवर बदललं गेलं. काढलेलं पाणी कासवकरांनी कढीपत्त्याला घातलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. कढीपत्ता इतका माजला की सगळा मजला पानं न्यायला येऊ लागला.

कासवकरांचा एक चुलत अवतारही आहे. तो वास्तुवाला. त्याच्या घरी ताऱ्यांची नक्षी असलेलं देशी कासव असतं, कोणी तरी ‘लक्ष्मी टिकते’ म्हणून दिलेलं. त्याला सांगावं लागतं की हे स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि दोषी ठरलात तर किमान तीन वर्षं आत. लक्ष्मी जामिनालाच जाईल. देवळासमोरचं दगडाचं किंवा ताटलीतलं पितळेचं कासव ठेवा. त्याला गांडूळही लागत नाही.

दोन-तीन वर्षांनी आमच्या कासवकरांची पिल्लं बशीएवढी होतात, टाकी पुरत नाही, मुलीचं लक्ष गिटारकडे गेलेलं असतं. मग ग्रुपवर जाहिरात पडते: ‘दोन कासवं, टाकी, हीटर, दिव्यासह चांगल्या घरी मोफत देणे.’ कोणी उत्तर देत नाही. सगळे नेमके तेव्हाच एकमेकांना सुप्रभात म्हणतात. तेव्हा कोणीतरी हळूच सुचवतं, जवळच तलाव आहे की! तेवढं मात्र करू नका. हे कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. आसाम-केरळच्या मोकळ्या पाण्यात ते आधीच पोचलं आहे, आणि आपल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन शेकायची जागा दोन्ही बळकावतं. घरी ठेवा, किंवा प्राण्यांच्या बचाव केंद्राला आधी विचारून तिथे द्या. आणि अजून घेतलं नसेल तर दुकानात जाताना खिशात फूटपट्टी ठेवा. ‘एवढंच राहतं’ असं कोणी म्हणालं की ती काउंटरवर ठेवा आणि घरी या.