कार्बनपंत

कार्बनपंत हे एका माणसाचं नाव नाही. पाऊस ओसरला की पनवेल तालुक्यात जे पाहुणे यायला लागतात, त्यांतला हा एक प्रकार आहे. कर्नाळ्याला पक्षी येतात, आपट्याला कार्बनपंत. पक्षी ओळखायला दुर्बीण लागते. पंत ओळखायला काही लागत नाही, ते आपणहूनच सांगतात.

रविवारी सकाळी मुंबई-गोवा महामार्गावरून कर्नाळ्याची खिंड उतरून एक मोटार आपटा फाट्याला वळते. तिच्या पाठीला रॅक, रॅकवर माउंटन बाइक आणि बाइकच्या दोन्ही चाकांना मापाने शिवून घेतलेल्या कापडी खोळी. मोटार खारघरची असते, नेरूळची असते, क्वचित ठाण्याचीही. खारघरहून इथवर सायकलनेच येता येईल की, असं कुणी सुचवलं तर पंत दचकतात. "डांबरावर? अहो, ही रस्त्यावरची सायकल नाही!" ते खरंच आहे. पण ही दगडावरचीही नाही, हे कळायला आम्हाला थोडे रविवार लागले.

आपटा म्हटलं की पंतांना आधी स्टेशन आठवतं. पनवेल-रोहा मार्गावरचं हे छोटं स्टेशन. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये काजोल ज्या फलाटावरून धावते, तो हाच. पडद्यावर तो पंजाबात आहे, प्रत्यक्षात त्याच्यामागे रायगड जिल्ह्यातले डोंगर उभे आहेत. पाटीखाली सायकल उभी करून फोटो काढल्याशिवाय पंत जमिनीवर चाक टेकवत नाहीत. फोटोत स्टेशनचं नाव अर्धवट आलं तरी चालतं, रिमवरची कंपनीची अक्षरं सरळ आली पाहिजेत. व्हॉल्व बरोबर खाली आणि अक्षरं बरोबर आडवी येईपर्यंत चाक मागेपुढे फिरवणं चालू असतं. तेवढ्यात दिवा-रोहा गाडी येऊन निघूनही जाते.

मग चहा. पंत रिमचा विषय स्वतःहून कधीच काढत नाहीत, समोरच्याला काढायला लावतात. सायकल एका बोटावर उचलून बाकड्याच्या या टोकावरून त्या टोकाला ठेवतात. पुन्हा उचलतात. चहाच्या टपरीवरच्या मावशी शेवटी विचारतात, "हलकी हाय वाटतं?"

"तशी सगळीच हलकी असते हो मावशी. रिम कार्बनच्या आहेत ना."

"केवढ्याला पडल्या?"

इथे पंत इकडेतिकडे बघतात. हा आकडा घरी वेगळा सांगितलेला असतो. "जोडी एक साठ."

मावशींना ते एकशे साठ वाटतात आणि त्यात वावगं काही दिसत नाही. शेजारी बसलेला पोरगा हिशेब दुरुस्त करून देतो, तेव्हा मावशी साखरेचा डबा नीट झाकून ठेवतात.

पंतांवर अन्याय करायचा नाही. ते सांगतात त्यातलं बरंचसं खरं असतं. अ‍ॅल्युमिनियमची रिम दगडावर आपटली की तिच्या कडेला पोचा येतो. पाना लावून ती कड जागेवर आणता येते, पण धातू एकदा वाकला की तिथे कायमचा हळवा होतो. चार-सहा वेळा असं झालं की रिम भंगारात. कार्बनचं तसं नाही. कार्बनच्या धाग्यांचे पट्टे वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचायचे, त्यांत इपॉक्सी रेझिन मुरवायचं आणि साच्यात घालून उष्णता-दाबाखाली घट्ट करायचं. अशी रिम पोचत नाही, वाकत नाही. मार बसला की क्षणभर दबते आणि होती तशी परत येते. मार फारच मोठा असला तर मात्र मधला मार्ग नाही, ती तडकते. सुरुवातीच्या काळातल्या कार्बन रिम अशा तडकून पुष्कळ बदनाम झाल्या. पुढे कंपन्यांनी कडा जाड केल्या, पट्ट्यांची रचना बदलली आणि २०१८च्या सुमारास सांता क्रूझ या सायकल कंपनीने आपल्या 'रिझर्व्ह' चाकांना आयुष्यभराची वॉरंटी देऊन टाकली. त्याच चाकांचा चक्काचूर करायला डॅनी मॅकआस्किल हा स्कॉटिश कसरतपटू जीव तोडून धडपडतो, तो व्हिडिओ पंतांच्या मोबाइलमध्ये कायम तयार असतो. नेट नसलं तरी चालावा म्हणून उतरवून ठेवलेला.

"बोइंग ७८७ घ्या," पंत म्हणतात. "वजनाने निम्मं विमान असल्याच मटेरियलचं आहे."

"इमान दगडावर उतरवतात काय वो?" सायकलवाला काका विचारतो.

हा काका गेली कित्येक वर्षं आसपासच्या गावांतल्या सायकलींचे आउट काढतो. त्याच्याकडे येणारा माल म्हणजे दूधवाल्यांच्या, रसायनीच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांच्या २८ इंची अ‍ॅटलस आणि हर्क्युलिस. पोलादी रिम, पुढे ३२ तारा, मागे ४०. पंतांच्या मागच्या चाकाशी उकिडवं बसून त्याने एकदा बोटाने तारा मोजल्या. अठ्ठावीस भरल्या. पुन्हा मोजल्या.

"बारा तारा कमी दिल्या तुम्हाला."

"लागत नाहीत काका. रिमच एवढी कडक आहे."

"आन पैसे जास्ती घेतले."

यावर पंतांकडे उत्तर असतं, पण ते ग्रॅममध्ये असतं. चांगल्या अ‍ॅल्युमिनियम रिमपेक्षा कार्बनची रिम साधारण साठ ते शंभर ग्रॅमनी हलकी. दोन्ही चाकं मिळून दीडशे ग्रॅम वाचले असं धरू. अ‍ॅल्युमिनियमची बरी जोडी चाळीस हजारांत येते, म्हणजे वरचे एक लाख वीस हजार या दीडशे ग्रॅमसाठी. ग्रॅमला आठशे रुपये पडले. सराफाकडे चांदी याहून स्वस्त मिळते आणि मोडीत घालताना कामाला तरी येते. शिवाय पाताळगंगेच्या काठचा चिखल एका फेरीत टायरला दीडशे ग्रॅमच्या किती पट चिकटतो, ते कुणी तोलून पाहिलेलं नाही. पंतांनी तर नाहीच, कारण ते चिखलात जात नाहीत.

हे वाचवलेले ग्रॅम पुढे कुठे जातात तेही पाहण्यासारखं आहे. रिमला मार लागू नये म्हणून पंत टायरच्या आत फोमचं जाड कडं बसवून घेतात. एका चाकामागे सहज दोनशे ग्रॅमचं. म्हणजे वजन आता अ‍ॅल्युमिनियमच्या वर गेलं. एवढ्यावरही धीर होत नाही. ट्यूबलेस टायरची सगळी गंमत हवा कमी ठेवण्यात आहे. वीस-बावीस पौंडांवर टायर दगडाला कवटाळतो आणि हादरे पोटात घेतो. पण हवा कमी म्हणजे दगड रिमपर्यंत पोचायची भीती. म्हणून पंत पस्तीस मारतात. रिम मुळात ताठ, वर टायर दगड. दोन्ही मिळून पंतांच्या कवळीपर्यंत, म्हणजे ज्यांना आहे त्यांच्या, आपट्याच्या वाटेतला खडा न् खडा पोचवतात. परत आल्यावर ते मनगट चोळत म्हणतात, "फीडबॅक काय मिळतो बघा!"

स्टेशनामागून निघणारी वाट तशी साधी आहे. लाल मुरूम, मध्ये कोरडा ओहोळ, मग काळ्या पाषाणाची उतरंड. सह्याद्रीचा बसाल्ट, जगातल्या कुठल्याही सायकलची परीक्षा घेईल असा. मुरुमावर पंत वाऱ्यासारखे जातात, पाषाण आला की उतरतात. सायकल खांद्यावर घेतात, जपून एकेक पाय टाकत खाली येतात आणि खालच्या सपाटीवर पुन्हा बसतात. हलकी सायकल इथे उपयोगी पडते, हे नाकारून चालणार नाही. खांद्याला नक्कीच जाणवत असेल.

आणि नेमकं त्याच वेळी वरून आवाज येतो. चेनगार्डचा, घंटीचा, ढिल्या कॅरियरचा. कातकरी वाडीतला एक पोरगा पोलादी रिमची सायकल, तीही एकच ब्रेक असलेली, पाषाणावरून धडधडत आणतो. पुढे दांड्यावर धाकटा भाऊ, मागे शिधावाटपाची पिशवी. "साईड, काका!" म्हणतो आणि निघून जातो. पंत सायकल खांद्यावर तशीच ठेवून त्याच्याकडे बघत राहतात. मग सोबत्याला सांगतात, "लाइन चुकीची घेतली त्याने."

त्या पोराची रिम आठवड्याला आउट होते. काका किल्ली फिरवतो, या बाजूच्या दोन तारा आवळतो, त्या बाजूच्या सैल करतो, चाक गरकन फिरवून ब्रेकच्या रबराशी डोळा लावून बसतो, की झालं. त्या चाकाची किंमत पैशांत सांगता येणार नाही, इतके त्याचे भाग वेगवेगळ्या सायकलींचे आहेत.

गेल्या दिवाळीनंतर मात्र एका पंतांच्या हातून चमत्कार घडला. (आपट्याला आपटले, हा विनोद दर रविवारी कुणीतरी करतंच, म्हणून मी तो करत नाही.) पाचोळ्याखाली दगड होता. पंत वेगात होते, उतरायचं राहून गेलं. मागच्या चाकातून असा आवाज निघाला की टपरीवर मावशींनी किटली खाली ठेवली. पंत पडले नाहीत. पण चेहरा असा की कुणालाही वाटावं, हा माणूस पडला असता तर बरं झालं असतं.

सायकल टपरीपर्यंत चालवत नव्हे, चालत आणली. टायर काढला, फोमचं कडं काढलं, पंक्चर बुजवायला टायरमध्ये घातलेलं पांढरं रसायन फडक्याने पुसलं आणि खिशातून एक रुपयाचं नाणं काढून पंत रिमवर वाजवू लागले. एक बोट पुढे, टक. आणखी एक बोट पुढे, टक. कार्बनचे थर आतून सुटले असतील तर टकचा थप होतो, असं शास्त्र आहे आणि ते खोटं नाही. पण टपरीवर बसलेल्यांना शास्त्र कशाला हवं? मडकं वाजवून घेणाऱ्यांचं गाव आहे. सगळे पुढे सरकले.

"हितं बद्द वाजलं."

"नाय, मघाशी तितं वाजलं होतं तसंच हाय."

"पाच रुपयाचं नाणं घ्या. जाड असतं."

मावशींनी गल्ल्यातून पाचाचं नाणं काढून दिलं. काका डोळे मिटून ऐकत होता. सबंध फेरा झाल्यावर त्याने निकाल दिला, "पक्की हाय. काय बी झालेलं नाय."

आपल्याला वाटेल पंत आनंदले असतील. नाही. रिमवर ओरखडासुद्धा नव्हता. आयुष्यभराची वॉरंटी घ्यावी आणि दावा करायला नखभर चीर मिळू नये! त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून आतली बाजू बघितली, मग बाहेरची. शेवटी दगडाचा फोटो काढला, चहाच्या पेल्याशेजारी ठेवून, आकार कळावा म्हणून.

माझं मत विचाराल तर कार्बन रिम फुकट जाणारी वस्तू नाही. जो पोरगा शर्यतीत उतरतो, मोसमात अ‍ॅल्युमिनियमच्या चार-पाच रिम वाकवतो, त्याने एकदाच पैसे मोजून वॉरंटीवर मनसोक्त मोडतोड करावी. हिशेब त्याच्या बाजूने लागतो. तरी डाउनहिलच्या जागतिक शर्यतींत धावणारे कितीतरी जण आजही अ‍ॅल्युमिनियमच पसंत करतात. वाकलेल्या चाकावर खालपर्यंत पोचता येतं, फुटलेल्यावर नाही. पंतांना हे सगळं पाठ आहे. ते आपल्याला आकडेवारीसकट समजावून सांगतील. त्यांची एकच अडचण आहे: मजबुतीचे पैसे भरले, आता ती वापरायची म्हणजे खर्च होईल असं त्यांना वाटतं.

तर त्याच पंतांची पुढची हकीकत. ती त्यांनी स्वतःच टपरीवर सांगितली. सोसायटीच्या आवारात रॅकवर चढवण्यापूर्वी चाक काढून मोटारीच्या मागे टेकवून ठेवलं होतं. खोळीतच. तेवढ्यात शेजाऱ्याला वाट करून द्यायची म्हणून पंतांनी गाडी जराशी मागे घेतली. पाषाणाला न भ्यायलेली रिम मोटारीखाली दोन ठिकाणी फुटली. खोळीला काही झालं नाही.

कंपनीचा अर्ज भरायला बसले. अर्जात प्रश्न होता: घटनेच्या वेळी आपण सायकल चालवत होता का? वॉरंटी सायकल चालवताना होणाऱ्या नुकसानीला होती, मोटार मागे घेताना होणाऱ्या नाही. पंत बँकेतले, खोटं लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी 'नाही' लिहिलं, सोबत चार परिच्छेदांचं स्पष्टीकरण जोडलं. कंपनीने सहानुभूती कळवून नवी रिम अर्ध्या किमतीत देऊ केली. पंत खूश.

"म्हणजे बघ," ते घरी म्हणाले, "निम्मे पैसे वाचले."

बायको लसूण सोलत होती. "आणि दगडावर फुटली असती तर?"

"तर काय, पूर्ण फुकट मिळाली असती."

"मग दगडांवरून चालवायची ना!"

"अगं, असं कसं? फुटली असती ना!"