शॉपमध्ये दुफळी: वापराच्या सूचना

पिंपरी-चाकण पट्ट्यात नव्याने लागणाऱ्याला सेफ्टी शूज कंपनी देते. दुफळी ज्याची त्याने करायची असते. साहित्य फार लागत नाही. एकाच लाइनवर, एकच बोल्ट आवळणारी दोन माणसे घ्यावीत. एक पर्मनंट, दुसरा कंत्राटी. पगारातला फरक सांगत बसू नये, दिवाळीच्या बोनसला तो आपसूक कळतो. भिंतीवर 'आपण सारे एक परिवार' अशी पाटी असावी.

एक धोका मात्र संभवतो. फर्स्ट शिफ्ट सुटताना क्वालिटीवाला माल अडवतो, प्रॉडक्शनवाला 'गाडी गेटवर उभी आहे' म्हणून ओरडतो, दोघे तणतणत गेज घेऊन पार्टवर वाकतात आणि फिक्श्चरची पिन झिजलेली सापडते. असले भांडण वाढू देऊ नये. त्यात रिजेक्शन कमी होते आणि वर दोघे एकत्र चहाला जातात. इलाज सोपा आहे. पिनेचा विषय निघाला की 'हा कुणाचा माणूस?' एवढेच विचारावे. पिन जागच्या जागी राहते.

मोठ्या प्रमाणावर करायचे असेल तर टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, अभ्यास करावा. पिंपरीत कामगार नेते राजन नायर यांची एक संघटना, तिच्यासमोर दुसरी. कंपनीने वेतनकरार केला दुसरीशी. सप्टेंबर १९८९ मध्ये नायर यांच्या बाजूचे हजारो कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना एके दिवशी उजाडण्याआधीच उचलून नेले. भांडण मुळात कंपनीशी होते, हे तोवर निम्म्यांच्या लक्षातही राहिले नसावे.

चाकणला बजाजच्या कामगारांनी मात्र २०१३ मध्ये शिस्त मोडली. एक रुपयाला एक, असे माणशी ५०० शेअर मागितले. ५० दिवसांचा संप हाती काही न लागता मागे घेतला, म्हणून लोक अजून हसतात. आम्ही हसत नाही. पगाराच्या भांडणात 'कंपनी कुणाची' हे एकदा तरी कुणी विचारले. अशी भांडणे नवशिक्यांनी टाळावीत, त्यात विचार करावा लागतो.

दुफळी नीट मुरली की नाही, हे खंडेनवमीला कळते. मशीनला पहिला हार कुठल्या युनियनचा, यावर तासभर बैठक चालते. तोवर कंत्राटी पोराने मशीन पुसून, हळदकुंकू लावून, नारळही आणून ठेवलेला असतो. त्याला बैठकीला बोलावू नये.