ऑलमोस्ट काका

हौसिंग सोसायटीत काही पदं निवडणुकीने भरतात आणि काही आपोआप. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार ही पहिल्या प्रकारातली. दुसऱ्या प्रकारात पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणारे, दुसऱ्याच्या पार्किंगवर लक्ष ठेवणारे आणि नोटीस बोर्डावरच्या इंग्रजीवर लक्ष ठेवणारे येतात. या शेवटच्या पदावरच्या गृहस्थांना आमच्याकडे ऑलमोस्ट काका म्हणतात. तुमच्याकडे नाव वेगळं असेल, माणूस हाच.

वय सत्तरीच्या पुढे. नोकरी कुठल्यातरी मोठ्या कार्यालयात, पत्रांचे मसुदे करण्यात गेलेली. सही साहेबांची आणि इंग्रजी काकांचं, अशी तीस-पस्तीस वर्षांची वाटणी. निवृत्तीनंतर साहेब सुटले, इंग्रजी सुटलं नाही. शर्टाच्या खिशात दोन पेनं असतात. निळं स्वतःसाठी, लाल इतरांसाठी. निळ्याची रिफिल वर्षभर पुरते.

घरात देव्हाऱ्याच्या बरोबर समोर पुस्तकांचं कपाट आहे, ही जागा काकांनीच नेमली आहे. त्यात लहानपणी वडिलांनी घोटून घेतलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं रेन आणि मार्टिन, आणि 1926 साली निघालेल्या फाउलरच्या इंग्रजी वापरकोशाची एक उशिराची आवृत्ती. व्याकरणकार रेन हा हिंदुस्थानात शिक्षणखात्यात होता आणि त्यानेच पुढे फ्रेंच फॉरेन लीजनवर ‘बो जेस्ट’ नावाची गाजलेली कादंबरी लिहिली, हे काका प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगतात. भाडेकरू वायफायचा पासवर्ड विचारायला आलेला असतो.

काका सगळ्याच चुकांवर तुटून पडतात असा एक गैरसमज आहे. स्पेलिंगला ते क्षमा करतात. कॉमा गेला तर उसासा टाकून सोडून देतात. त्यांचा खरा इलाखा अगदी अरुंद आहे: ‘सगळे’ आणि ‘जवळजवळ सगळे’ यांच्या मधली पट्टी. तिथे कोणी पाऊल चुकवलं की लाल पेनाचं टोपण निघालंच. “स्पेलिंग चुकलं तर लाज जाते, ऑलमोस्ट चुकलं तर पैसे जातात,” हे त्यांचं म्हणणं.

पहिली ठिणगी दरवर्षी वार्षिक सभेनंतर पडते. कायद्याप्रमाणे ही सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे आमची सभा 29 किंवा 30 तारखेलाच होते. तरुण सेक्रेटरी रात्री जागून इतिवृत्त लिहितो: ‘ऑलमोस्ट मेंबर्स वेअर प्रेझेंट.’ सकाळी दूध घेऊन येताना काका ते वाचतात आणि दुधासकट त्याच्या दारात उभे राहतात.

“हे जवळजवळ मेंबर म्हणजे कोण रे?”

“काका, म्हणजे जवळजवळ सगळे मेंबर.”

“मग ऑल कुठंय? तू लिहिलंयस त्याचा अर्थ, हजर होते ते पुरते मेंबर नव्हते. उपविधीत असोसिएट मेंबर आहे, नॉमिनल मेंबर आहे. ऑलमोस्ट मेंबर कुठल्या कलमात आहे, दाखव.”

सेक्रेटरी ‘मोस्टली ऑल मेंबर्स’ असं करून आणतो. काका कपाळाला हात लावतात. मग ‘ऑलमोस्ट ऑल द मेंबर्स’ येतं. आता तरी संपलं, असं त्या मुलाला वाटतं. पण काकांचा पुढचा प्रश्न तयार असतो: “एकूण किती? आले किती?” छप्पन्नातले एकतीस आले होते. “याला मोस्ट ऑफ द मेंबर्स म्हण हवं तर. अर्ध्याच्या वर आहेत. पण ऑलमोस्ट ऑल? सभेतली मोकळी बाकडी मोजलीस का?” व्याकरण सुधारलं की वाक्य खोटं पडतं, हा धक्का नव्या सेक्रेटरीला पचवायला एक दिवाळी जाते.

खजिनदारांची पाळी हिशेबात येते. त्यांनी भाबडेपणाने लिहिलं की समितीने ‘ऑलमोस्ट स्पेंट ऑल द फंड्स’. काकांनी भर सभेत विचारलं, “खर्च झाला की होता होता वाचला?” कारण ‘ऑलमोस्ट’ हा शब्द ज्याच्या शेजारी बसेल त्यालाच खाली ओढतो. ‘स्पेंट’च्या आधी ठेवला तर खर्च जेमतेम टळला असं वाटतं, ‘ऑल’च्या आधी ठेवला तर पैसे गेले, गल्ल्यात थोडे उरले. एका शब्दाची खुर्ची सरकवली आणि सिंकिंग फंड बुडाला की तरला हे बदललं. खजिनदार तेव्हापासून हिशेब मराठीत देतात. काकांच्या मते हा पळ आहे.

मराठीत गेलं म्हणून सुटका नाही, हेही काकांना ठाऊक आहे. ‘बहुतेक सभासद येतील’ यात बरेचसे येतील की आले तर येतील, हे कळायला मार्ग नाही. इंग्रजी करणाऱ्याला एकच काहीतरी निवडावं लागतं आणि तिथे त्याचा घाम निघतो. काकांनी केटररला दिलेल्या पत्रात मात्र सरळ आकडा होता. त्या वर्षी जेवण पुरलं.

गाजलेली नोटीस वेगळीच. ‘ऑल मेंबर्स हॅव नॉट पेड मेंटेनन्स.’ लिहिणाऱ्याच्या मनात होतं की काहींची थकबाकी आहे. वाचणाऱ्यांतल्या ज्यांनी एक तारखेला पैसे भरले होते ते पावत्या घेऊन खाली उतरले, आणि ज्यांनी भरले नव्हते ते “सगळ्यांचंच राहिलंय ना” म्हणून निवांत झाले. काकांनी ‘नॉट’ उचलून ‘ऑल’च्या आधी आणला. दुसऱ्या दिवशी थकबाकीदार एकटे पडले. वसुलीसाठी व्याकरण वापरल्याचं हे आमच्या भागातलं पहिलंच उदाहरण असावं. (ज्यांची वसुली झाली त्यांनी काकांशी दोन महिने लिफ्टमध्ये बोलणं टाकलं होतं.)

बाकी किरकोळ कामगिऱ्या पुष्कळ. ‘नियरली नोबडी’ खोडून ‘ऑलमोस्ट नोबडी’ करणं, कारण नियरलीला नकाराशेजारी बसायला आवडत नाही. ‘मेजॉरिटी ऑफ द वॉटर’ गळतं यावर “पाण्याने मतदान केलं का?” असं विचारणं. काकांच्या लेखी मेजॉरिटी मोजता येणाऱ्यांची, पाण्याला ‘मोस्ट’ पुरे.

एवढा काटेकोर माणूस घरात कसा असेल, याची कोणालाही उत्सुकता वाटेल. घरात ते मराठी बोलतात आणि मराठीत ते कमालीचे ढिले आहेत. “निघालोच” म्हणतात तेव्हा बनियनवर असतात. “आलोच” म्हणजे अजून चहा सांगितलेला नाही. बाजारातून आले की काकू दारातच विचारतात, “सगळं आणलंत?”

“आणलं जवळजवळ.”

“काय विसरलात?”

“कोथिंबीर.”

काकूंनी फाउलर उघडलेला नाही. पण ‘जवळजवळ सगळं’ ऐकलं की राहिलेल्या वस्तूचं नाव विचारायचं, हे त्या लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात शिकल्या. काका जे काम नोटीस बोर्डावर करतात, तेच काम त्या काकांवर करतात, आणि लाल पेन लागत नाही.

काकांच्या कारकिर्दीचा कळस पुनर्विकासात झाला. 2019 च्या शासन निर्णयानंतर बिल्डर निवडायला एकूण सभासदांच्या 51 टक्क्यांची संमती लागते. निबंधकांचा अधिकारी सभेला बसतो, चित्रीकरण होतं. तिथे ‘ऑलमोस्ट ऑल’ला कोणी विचारत नाही, डोकी मोजतात. काका त्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात, अत्यंत प्रसन्न होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते सरकार करत होतं.

ठराव झाला. मग बिल्डरच्या माणसाने प्रत्येकाच्या सह्या गोळा करायला पत्र छापून आणलं. त्यात वाक्य होतं, काम अठरा महिन्यांत ‘ऑल बट कम्प्लीट’ करून ताबा देऊ. सगळ्यांनी सह्या केल्या. काका थांबले. ‘ऑल बट’ दोन तोंडांचं आहे, हे त्यांनी त्या माणसाला बसवून समजावलं. पुढे नाम आलं तर ‘तेवढं सोडून बाकी सगळं’. पुढे विशेषण आलं तर ‘जवळपास तसंच’. म्हणजे इमारत जवळपास पूर्ण झाली की ताबा. “आणि जवळपास पूर्ण इमारतीत काय राहिलेलं असतं? लिफ्ट, पाणी की जिना?”

माणूस हसून म्हणाला, “काका, भावना समजून घ्या.”

“भावनेला भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही,” काका म्हणाले.

आठवडाभर पत्र अडलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश फिरला की एक जण सोडून सगळ्यांनी सह्या केल्या आहेत, आणि एका माणसाच्या इंग्रजीपायी सोसायटी रखडली आहे. तो संदेश इंग्रजीत होता: ‘ऑल बट वन मेंबर्स हॅज साइन्ड.’ काकांनी तिथेच खाली उत्तर दिलं. रागाचं नव्हे, दुरुस्तीचं: ‘ऑल बट वन ऑफ द मेंबर्स हॅव साइन्ड’.

शेवटी बिल्डरच्या वकिलाने पत्र पाहिलं, वाक्य काढलं आणि त्या जागी भोगवटा प्रमाणपत्र, दोन लिफ्ट आणि पाण्याची जोडणी असं एकेक नाव घालून दिलं. काकांनी निळ्या पेनाने सही केली. ग्रुपवर कोणी आभार मानले नाहीत. एकाने अंगठा पाठवला, तोही बहुतेक चुकून.

तुमच्या इमारतीत असे काका असतील तर नोटीस बोर्डावर लावण्याआधी त्यांना दाखवा. नंतर दाखवली तर छप्पन्न झेरॉक्स पुन्हा काढाव्या लागतात, आणि तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हे खजिनदारांना अजून सुचलेलं नाही.