रामाले कुठं मिशी असते?

आमच्याकडची 'द दा विंची कोड' गेल्या दिवाळीत कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे गेली, ती अजून परत आलेली नाही. भिंत कमरेएवढीच. अलीकडे आम्ही, पलीकडे काकू आणि मध्ये कढीपत्ता. झाडाचं बूड आमच्याकडे, फांद्या काकूंकडे, त्यामुळे पाणी आम्ही घालायचं आणि पानं त्यांनी तोडायची, असा करार आपोआप झालेला. पुस्तकाचंही तेच झालं. विकत आम्ही घेतलं, वाचलं सगळ्या गल्लीनं.

आधी काकूंच्या सुनेनं नेलं. दोन रात्री लाइट जळत होता. तिच्याकडून समोरच्या गुरुजींकडे, गुरुजींकडून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडे आणि तिथून फिरून काकूंच्या स्वयंपाकघरात. परवा काकू तुळशीला पाणी घालत होत्या. हातात त्यांचा तो नेहमीचा काशाचा गडू, काठाला पोचा आलेला. मी म्हटलं, "काकू, पुस्तक झालं का हो वाचून?"

"कायचं होते! दुपारी दोन पानं वाचतो न् डोळा लागते. पर सोडवत नाई पाय." काकूंनी गडू भिंतीवर ठेवला. गडू भिंतीवर टेकला की किमान अर्धा तास, हे मला ठाऊक आहे. मीही गॅस बंद करून आले.

"तुले सांगतो," आवाज खाली आणत त्या म्हणाल्या, "या पुस्तकापायी गल्लीत दोन पार्ट्या झाल्या."

झाल्याच होत्या. सुनेचं म्हणणं, असं पुस्तक जन्मात वाचलं नाही. १०५ प्रकरणं, बहुतेक दोन-चार पानांची आणि प्रत्येकाच्या शेवटी असा खुंटा मारलेला की पुढचं पान उलटल्याशिवाय कुकरसुद्धा लावता येत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात म्हाताऱ्याचा खून होतो, तो मरता मरता खुणा सोडून जातो आणि त्या उलगडत उलगडत एक प्राध्यापक आणि एक पोरगी रात्रभर पळतात. गुपित काय, तर येशूचं लग्न झालं होतं, मेरी मॅग्डलिन त्याची बायको आणि त्यांचा वंश आजही चालू आहे. डॅन ब्राऊननं हे २००३ साली लिहिलं आणि जगभर कोट्यवधी प्रती खपल्या. मराठीत अजित ठाकुरांचा अनुवाद मेहतांनी काढला.

"न् गुरुजी?" मी विचारलं.

"गुरुजी तं असे तापले जसा मे महिन्यातला पत्रा!" काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "म्हणे, कादंबरी हाय तं कादंबरी म्हून लिही नं बाप्पा. पयल्याच पानावर 'हे खरं हाय' असं कायले लिहून ठेवलं?"

गुरुजींचा राग अगदीच वायफळ नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला लेखकानं खरोखरच वस्तुस्थितीचं पान जोडलंय. त्यात म्हटलंय, प्रायरी ऑफ सायन ही गुप्त संघटना १०९९ सालापासूनची. प्रत्यक्षात त्या नावाची संस्था फ्रान्समध्ये प्येर प्लांतार नावाच्या गृहस्थानं १९५६ साली नोंदवली. पुढे आपली वंशावळ राजघराण्याला नेऊन भिडवायला बनावट कागद तयार झाले आणि ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले गेले. म्हणजे आपल्याकडे एखादा खोटा फेरफार करून तो तलाठ्याच्या दप्तरात सरकवून देतो आणि वीस वर्षांनी 'पाहा, सरकारी कागद बोलतोय' म्हणतो, तसलाच प्रकार. पॅरिसच्या सेंट सुल्पीस चर्चला तर वैताग येऊन पाटी लावावी लागली की, कादंबरीत लिहिलंय तसलं इथं काही नाही.

"मंग खोटं हाय तं लोक वाचते कायले?" काकूंनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "खोटं हाय म्हूनच वाचते. खरं वाचाले पेपर हाय नं."

मग त्यांनी पुस्तकातल्या त्या चित्राचा विषय काढला. लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन', मिलानच्या मठातल्या भिंतीवरचं, पंधराव्या शतकाच्या अखेरीचं. कादंबरीत म्हटलंय, येशूच्या उजव्या हाताला बसलेली व्यक्ती पुरुष नाहीच, ती मेरी मॅग्डलिन. चित्रकलेचे अभ्यासक म्हणतात, तो योहान. त्या काळी तरुण शिष्य असाच कोवळ्या चेहऱ्याचा, बिनदाढीचा काढायची रीत होती. सुनेनं मोबाईलवर चित्र मोठं करून काकूंना दाखवलं होतं.

"मी पाह्यलं. चष्मा लावून पाह्यलं. अवं, मिशी नाई म्हून बाई होते का? आमच्या रामाले कुठं मिशी असते? किस्नाले असते? कॅलेंडरवर पाय!"

इतक्या पंडितांनी इतकी पुस्तकं लिहिली त्या एका चेहऱ्यावर, आणि यवतमाळच्या एका भिंतीवर टेकून काकूंनी निकाल दिला.

निकालावरून आठवलं म्हणून मी त्यांना लंडनचा किस्सा सांगितला. 'आमच्या पुस्तकातली कल्पना चोरली' म्हणून दोन लेखकांनी डॅन ब्राऊनच्या प्रकाशकावर दावा ठोकला. २००६ साली ते हरले. गंमत पुढेच आहे. न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी निकालपत्रात मधली मधली अक्षरं तिरकी छापली होती. आधी सगळ्यांना वाटलं छपाईची चूक. मग एका वकिलाच्या ध्यानात आलं की, साहेबांनी स्वतःच निकालात गुप्त संदेश दडवलाय! सोडवला तर त्यात एका जुन्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचं नाव निघालं. साहेबांना त्याच्यात रस होता, बस.

"जज्जसाहेब?" काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अवं माय! म्हंजे ज्यानं न्याय कराचा त्यालेच खाज सुटली!"

आता राहिल्या सिस्टर. गल्लीला वाटत होतं, ख्रिस्ती म्हणजे त्या चिडणार. चिडणं नवीन नव्हतंही. २००६ साली सिनेमा आला तेव्हा मुंबईत उपोषणाला लोक बसले होते, सेन्सॉरनं प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं आणि सुरुवातीला 'ही काल्पनिक कथा आहे' असं दाखवायला लावलं. गोव्यासह काही राज्यांनी तरीही बंदी घातली. पण सिस्टरनी पुस्तक शांतपणे वाचलं आणि काकूंना एवढंच म्हणाल्या, "माझी श्रद्धा काही पुस्तकानं हलत नाही. पण माझ्या घरातल्या देवाबद्दल कोणी भिंतीपलीकडे कुजबुजलं, तर बरं वाटत नाही."

मग त्यांनी काकूंना एक गोष्ट सांगितली, ती मलाही नवी. बायबलचा सखोल अभ्यास करवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून आपल्या यवतमाळात होती, १९८३ साली ती पुण्याला गेली. देशभरातून विद्यार्थी यायचे. "म्हणजे कादंबरीतले ते निकीयाच्या सभेचे वाद, देव ठरवायला मतं मोजली वगैरे," सिस्टर हसून म्हणाल्या, "यावर यवतमाळच्या चहाच्या टपरीवर तुमच्या त्या ब्राऊनच्या आधीच चर्चा झाल्या असतील."

काकू म्हणाल्या, "पाह्य! आन् आपल्याले वाटे, यवतमाळात कापूस न् बुढीचा चिवडा याच्याबिगर काई नाई."

हे बोलणं गुरुजींच्या कानावर गेलं. ते दुधाची पिशवी घेऊन चालले होते, ते थांबलेच. भिंतीपाशी तिसरा आला की गप्पांची सभा होते. गुरुजी म्हणाले, "कोड म्हणता ना? अहो, आपल्या घरात सातशे वर्षांचा कोड पडलाय आणि तुम्ही पॅरिसला धावता!"

त्यांचा रोख महानुभाव पंथाकडे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला गोळा केल्या, तेच 'लीळाचरित्र', मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. रिद्धपूर इथून लांब नाही, अमरावती जिल्ह्यात. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालंय. पुढे पंथानं आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अशा कितीतरी. एका अक्षराच्या जागी दुसरं लिहायचं आणि किल्ली फक्त दीक्षितांकडे. महंत मराठवाड्यापासून पंजाबापर्यंत, त्याच्याही पलीकडे काबूलपर्यंत पोथ्या घेऊन गेले, पण बाहेरच्याला एक ओळ लागेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती ही किल्ली आली आणि मराठीला आपलं सातशे वर्षांपूर्वीचं बोलणं ऐकू आलं.

"आणि आपल्या यवतमाळचे य. खु. देशपांडे!" गुरुजींनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "शारदाश्रम कोणी काढला? पोथ्या कोणी जमवल्या? १९२५ साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' लिहून अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलं की, या कुलपात काय आहे. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढला नाही."

"मंग काय निंगालं त्या कुलपात?" काकूंचा हात नकळत गडूवर गेला. "सोनं?"

इथं गुरुजी जरा थांबले. मग हळू आवाजात सांगू लागले. निघालं ते साधं. स्वामी कुठं जेवले, कोणाच्या ओट्यावर बसले, कोणाला काय बोलले. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत. महदाइसा नावाची बाई, जी एकामागून एक प्रश्न विचारायची आणि स्वामी उत्तरं द्यायचे. आणि एक गोष्ट अशी की, बाईची पाळी म्हणजे विटाळ नव्हे, नाकातून शेंबूड यावा तसाच तो देहाचा धर्म, असं स्वामींनी सांगितलं होतं.

काकू गप्प. ही बाई एरवी मिनिटभर गप्प राहत नाही. मग म्हणाल्या, "हे लिहून ठेवलं होतं? तवा?"

"तेव्हा."

"न् मले चार दिवस गोठ्याच्या बाजूले बसवत. तीस वर्षं." कढीपत्त्याची एक काडी त्यांनी उगाच तोडली. "हे कुलपात ठेवणाऱ्याचं काय करावं सांगा."

गुरुजी लगेच म्हणाले की, लपवलं नाही, जपलं. परचक्राचे दिवस होते, पोथ्या हरवत होत्या, भलत्याच्या हाती पडली तर विटंबना होईल ही भीती होती. कुलूप नसतं तर पोथ्याच राहिल्या नसत्या. काकू म्हणाल्या, जपलं तर मग उघडायला एवढा उशीर कशाला? आणि उघडल्यावर तरी काय सगळं गोड झालं होतं? डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादलेलं 'लीळाचरित्र' १९७८ साली निघालं, तेव्हा पंथातूनच आक्षेप आले आणि प्रकरण कोर्टाची पायरी चढलं. पुन्हा दोन पार्ट्या. एक म्हणते, आमचं आहे, झाकू द्या. दुसरी म्हणते, आमचंही आहे, वाचू द्या. ब्राऊनसाहेबाच्या वाचकांत तरी याहून वेगळं काय चाललं होतं?

गुरुजींचं दूध तापवायचं राहिलं होतं, ते गेले. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीवर कोपर टेकलं.

"आमच्या घरी बी एक कागुद होता," त्या म्हणाल्या. "मोडीतला. सासऱ्याच्या टरंकेत."

घरात कोणालाच मोडी येत नव्हती. सासरे गेल्यावर धाकट्या दिरानं ठरवलं की, वावरातल्या कडुनिंबाखाली पुरलेल्या हंड्याचा तो पत्ता. एका उन्हाळ्यात खणलंही. मुळं निघाली. थोरल्यानं रात्री येऊन आधीच काढून नेलं, असा वहीम आला आणि दोघा भावांत सहा वर्षं अबोला. शेवटी मोडी जाणणारा एक माणूस भेटला, त्यानं ओसरीवर बसून कागद वाचला. आहेराची यादी! काकूंच्या सासूच्या लग्नातली. कोणी लुगडं दिलं, कोणी खण, कोणी पायलीभर गहू, कोणी रुपया.

"मंग अबोला सुटला?"

"कायचा सुटते! दीर म्हणे, वाचणाराच मिळालेला हाय, थोरल्यानं पैसे चारले. अजून म्हणते. त्याले हंडाच पाह्यजे, यादी नाई." काकू हसल्या. "तुह्या पुस्तकवाल्यायचं बी तसंच. ज्याले हंडा पाह्यजे त्याले यादी वाचून दाखवून काय फायदा?"

मी म्हटलं, "पण यादीतलं काहीच उरलं नाही का आता?"

काकूंनी भिंतीवरचा गडू उचलला, पदरानं पुसला. "यादीत सगळ्यात खाली होतं. मुलीच्या आईकडून काशाचा गडू, नग एक."

सूर्य वर आला होता. पोचा आलेल्या काठावर उन्हाची रेघ पडली. रोज मी तो पाहते.

"मग दिराला सांगितलं का, की एक वस्तू तरी सापडली म्हणून?"

"कायले सांगू?" काकू तुळशीकडे वळल्या. "वाटणी मांगन नं तो! आन् हे पाय, तू कुठी लिहून टाकजो नको."