न झालेल्या धरणाची सहल

नानाकाका वीज मंडळातून निवृत्त झाले, तरी गावाची किंमत मेगावॅटमध्येच करतात. पाटण तालुका थोर, कारण तिथे कोयनेचे १९६०. पुण्याचं त्यांच्या लेखी काही खरं नाही. चंद्रपूरला उतरल्यावर त्यांनी ताडोबाचा वाघ सोडून इकडच्या जलविद्युत केंद्राची चौकशी केली.

मी त्यांना इरई धरणावर नेलं. ऐसपैस पाणी, पलीकडे जंगल. "टर्बाइन कुठाय?" म्हटलं, हे पाणी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जातं, कोळशावर त्याची वाफ होते आणि त्यावर २९२० मेगावॅटचा कारभार चालतो. "पाणी आहे, वीज आहे आणि तरी जलविद्युत नाही?" काका तडक गाडीत जाऊन बसले.

ड्रायव्हर नागभीडचा. "धरन पाहाचा असन त आमच्या घोडाझरीले चला जी. वीज नाही, पन भजे बेस भेटतेत." काकांनी भज्यांचे मेगावॅट विचारले नाहीत, एवढंच.

मग सिरोंचा. आलापल्लीच्या पुढे साग सरळसोट उभा असतो. रस्त्याला तशी सक्ती नाही. मेडिगड्ड्याचा बंधारा दिसताच काका उजळले. गोदावरीवर पंच्याऐंशी दरवाजे! अलीकडचा काठ आपला, कारभार तेलंगणाचा. पण २०१९ साली उद्घाटन झालेली ही योजना उपशाची. नदीचं पाणी वर चढवायचं, तर वीज लागणार. "म्हणजे हा ग्राहक निघाला!" त्यातून ऑक्टोबर २०२३मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचलेले. ते कळल्यावर काका आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे हळू बोलू लागले.

शेवटचा उपाय म्हणून इंद्रावतीच्या संगमाकडे निघालो. खाली इचमपल्ली. खरं जलविद्युत धरण इथलंच, फक्त ते झालेलं नाही. आणि न होण्याची परंपरा जुनी आहे. १८६०च्या दशकात इंग्रजांना गोदावरीतून थेट वर, कापसाच्या मुलखापर्यंत बोटी आणायच्या होत्या. वाटेत खडकांचे तीन अडसर. दुसरा इचमपल्लीचा, तिसरा अहेरीजवळ देवलमरीचा. दगड फोडून, पैसा ओतून १८७१मध्ये साहेबाने नाद सोडला. शंभर वर्षांनी तीन राज्यांनी मिळून इथेच ९७५ मेगावॅटचा बेत केला. जंगल आणि आदिवासींची गावं बुडणार म्हणून १९८०च्या दशकात बाबा आमटे उभे राहिले. बेत कागदावर राहिला, गावं जागेवर राहिली.

काकांनी वहीत '९७५' लिहून भोवती चौकट काढली. टोपी नीट केली, डोळ्यांवर हात धरून दोन्ही काठांचा अंदाज घेतला आणि डोंगेवाल्याला विचारलं, "पात्र किती रुंद असेल हो?"

डोंगेवाल्याने वल्हं आत ओढलं. तो तेलुगूत काहीतरी बोलला. ड्रायव्हर हसू दाबत म्हणाला, "काका, तो विचारते, मोजनीवाले आहा का? मोजनीवाल्याले तो डोंग्यात घेत नाही जी."

"नाही, नाही! पर्यटक!" काका घाईने म्हणाले. "वाघ पाहायला आलोय."